शिजवलेल्या गोवंशीय वजडीचे पोषणमूल्य

गोवंशीय वजडी म्हणजे गाय, बैल किंवा वासरू या रवंथ करणाऱ्या जनावरांच्या जठराच्या भिंतीचे खाण्यायोग्य मांस. इंग्रजीत यास 'ट्राइप' असे म्हणतात. स्वच्छ करून पाण्यात मंद आचेवर शिजवलेल्या १०० ग्रॅम वजडीतून सुमारे ९४ किलोकॅलरी ऊर्जा, ११.७ ग्रॅम प्रथिने आणि ४ ग्रॅम मेद मिळतो. कमी ऊर्जा, मध्यम प्रथिने, ब-१२ जीवनसत्त्व, जस्त व सेलेनियम या तिच्या जमेच्या बाजू होत. लोहाचे अल्प प्रमाण, कोलेस्टेरॉलचे लक्षणीय प्रमाण आणि प्रथिनांतील अत्यावश्यक अमिनो आम्लांचा असमतोल या तिच्या मर्यादा आहेत. जगातील अनेक देशांत वजडी हे दीर्घकाळ श्रमिक वर्गाचे स्वस्त अन्न राहिले असून आज ते काही ठिकाणी प्रादेशिक पाककलेचे मानचिन्ह मानले जाते.

## नाव आणि व्याप्ती

मराठीत 'वजडी' किंवा 'वजरी' हा शब्द प्रामुख्याने शेळी-मेंढीच्या जठर व आतड्यांसाठी वापरला जातो. हिंदी-उर्दूत 'ओझडी' व दख्खनी बोलीत 'बोटी' असे शब्द आहेत. महाराष्ट्रातील खाणावळींत मिळणारी वजडी ही बहुधा बोकडाची असते. प्रस्तुत लेखातील आकडे मात्र गोवंशीय जनावरांच्या जठराचे आहेत. बोकडाच्या वजडीत आतड्यांचे तुकडे व त्यांना चिकटलेली चरबी मिसळलेली असल्याने तिचे पोषणमूल्य वेगळे असते. त्यामुळे येथील आकडे तिला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

लेखातील आकडे अमेरिकेच्या कृषी विभागाने प्रसिद्ध केलेल्या अन्नघटक कोष्टकांतील मूल्यांवर आधारलेले आहेत. जनावराचे वय, त्याचा आहार, जठराचा भाग आणि सफाईची पद्धत यांनुसार प्रत्यक्ष मूल्यांत फरक पडतो.

## जठराची रचना आणि वजडीचे प्रकार

रवंथ करणाऱ्या जनावरांचे जठर चार कप्प्यांचे असते. गवत व कडबा यांतील तंतुमय सेल्युलोज पचविण्यासाठी या कप्प्यांची योजना झालेली आहे. पहिल्या दोन कप्प्यांत सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने चाऱ्याचे किण्वन होते, तिसऱ्यात पाणी शोषले जाते आणि चौथ्यात माणसाच्या जठराप्रमाणे आम्ल व विकरे स्रवतात. प्रत्येक कप्प्याच्या अस्तराची ठेवण निराळी असल्यामुळे वजडीचेही चार प्रकार पडतात.

* पहिला कप्पा (रोमंथिका): हा सर्वांत मोठा असतो. याची वजडी जाड व तुलनेने सपाट असून एका बाजूस टॉवेलासारखे बारीक उंचवटे असतात.
* दुसरा कप्पा (जालिका): याच्या अस्तरावर मधाच्या पोळ्यासारखी षट्कोनी जाळी असते. रस धरून ठेवण्याच्या गुणामुळे व मऊपणामुळे युरोप-अमेरिकेत या वजडीस अधिक मागणी असते.
* तिसरा कप्पा: याच्या आत पुस्तकाच्या पानांप्रमाणे पातळ पडदे असतात. चीन, व्हिएतनाम व कोरिया येथील पाककृतींत हा भाग आवडीने वापरतात.
* चौथा कप्पा: हा खऱ्या अर्थाने पाचक रस स्रवणारा कप्पा होय. इटलीतील फ्लॉरेन्स शहराचा 'लाम्प्रेदोत्तो' हा पदार्थ यापासून करतात. दूधपित्या वासरांच्या याच कप्प्यातून चीज बनविण्यासाठी लागणारे रेनेट मिळविले जाते.

## सफाई व पूर्वप्रक्रिया

जनावर कापल्यानंतर जठर उलटे करून त्यातील अर्धवट पचलेला चारा काढून टाकतात आणि ते वाहत्या पाण्यात अनेकदा धुतात. त्यानंतर गरम पाण्यात बुडवून आतील काळसर-हिरवट अस्तर खरवडून काढले जाते. भारतात घरगुती सफाईसाठी चुना व गरम पाणी यांचा वापर प्रचलित आहे. औद्योगिक पातळीवर सौम्य अल्कली द्रावण वापरतात आणि काही देशांत वजडी शुभ्र दिसावी म्हणून हायड्रोजन पेरॉक्साइडने तिचा रंगही घालवितात. पाश्चात्त्य बाजारांत मिळणारी पांढरी वजडी पुष्कळदा आधीच अर्धवट उकडलेली असते. घरी ती शिजण्यास कमी वेळ लागतो याचे कारण हेच. न धुतलेली, न खरवडलेली 'हिरवी' वजडी पाश्चात्त्य देशांत मुख्यतः कुत्र्यांचे खाद्य म्हणून विकली जाते. ती माणसाच्या खाण्यासाठी नसते.

## पोषणमूल्य

पुढील कोष्टकात खाण्यायोग्य १०० ग्रॅम वजडीतील घटकांची अंदाजे मूल्ये दिली आहेत. शिजवलेली वजडी म्हणजे तेल, मीठ वा मसाला न घालता पाण्यात मंद आचेवर शिजवलेली वजडी होय.

| घटक | कच्ची | शिजवलेली |
|---|---|---|
| ऊर्जा (किलोकॅलरी) | ८५ | ९४ |
| प्रथिने (ग्रॅम) | १२.१ | ११.७ |
| एकूण मेद (ग्रॅम) | ३.७ | ४.१ |
| संपृक्त मेद (ग्रॅम) | १.३ | १.४ |
| कर्बोदके (ग्रॅम) | ० | २.० |
| कोलेस्टेरॉल (मिलिग्रॅम) | १२२ | १५७ |
| कॅल्शियम (मिलिग्रॅम) | ६९ | ८१ |
| फॉस्फरस (मिलिग्रॅम) | ६४ | ६६ |
| लोह (मिलिग्रॅम) | ०.६ | ०.७ |
| जस्त (मिलिग्रॅम) | १.४ | १.७ |
| सोडियम (मिलिग्रॅम) | ९७ | ६८ |
| पोटॅशियम (मिलिग्रॅम) | ६७ | ४२ |
| ब-१२ जीवनसत्त्व (मायक्रोग्रॅम) | १.४ | ०.७ |

शिजवलेल्या वजडीच्या वजनाचा सुमारे चार-पंचमांश भाग पाण्याचा असतो. तिच्यातील ऊर्जेपैकी सुमारे निम्मी ऊर्जा प्रथिनांपासून मिळते व उरलेल्या ऊर्जेचा मोठा भाग मेदापासून येतो. आहारातील तंतू वजडीत नसतात.

### प्रथिने

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२०च्या शिफारशींनुसार ६५ किलो वजनाच्या प्रौढ पुरुषास दररोज ५४ ग्रॅम आणि ५५ किलो वजनाच्या स्त्रीस सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने आवश्यक असतात. १०० ग्रॅम शिजवलेल्या वजडीतून पुरुषाच्या गरजेच्या सुमारे २२ टक्के, तर स्त्रीच्या गरजेच्या सुमारे २५ टक्के प्रथिने मिळतात.

या प्रथिनांचे स्वरूप मात्र ध्यानात घ्यावे लागते. जठराची भिंत गुळगुळीत स्नायू व संयोजी ऊती यांची बनलेली असते आणि संयोजी ऊतींतील मुख्य प्रथिन कोलॅजन हे आहे. कोलॅजनमध्ये ग्लायसीन व प्रोलीन ही अमिनो आम्ले विपुल असतात, परंतु ट्रिप्टोफॅन हे अत्यावश्यक अमिनो आम्ल मुळीच नसते. म्हणून वजडीतील प्रथिनांचा दर्जा अंडे, दूध किंवा जनावराच्या मांडीचे मांस यांतील प्रथिनांपेक्षा कमी ठरतो. वजडीत स्नायूंचेही प्रथिन असल्याने तिच्यात ट्रिप्टोफॅनचा संपूर्ण अभाव नसतो. शिवाय ती भाकरी, भात, डाळ वा कडधान्ये यांच्यासोबत खाल्ली जात असल्याने मिश्र आहारात ही उणीव बऱ्याच अंशी भरून निघते. केवळ वजडीवर प्रथिनांची गरज भागविणे मात्र योग्य नव्हे.

वजडी खाल्ल्याने त्यातील कोलॅजन थेट सांध्यांत किंवा त्वचेत जाऊन बसते, असा समज प्रचलित आहे. प्रत्यक्षात पचनक्रियेत कोलॅजनचे अमिनो आम्ले व लहान पेप्टाइड यांत विघटन होते आणि शरीर आपल्या गरजेप्रमाणे त्यांचा उपयोग करते.

### मेद आणि कोलेस्टेरॉल

वजडीतील मेद कमी असतो व त्याचा सुमारे एक-तृतीयांश भाग संपृक्त असतो. कोलेस्टेरॉलचे प्रमाण मात्र मेदाच्या मानाने अधिक, म्हणजे १०० ग्रॅममागे १५७ मिलिग्रॅम आहे. कोलेस्टेरॉल हा प्रत्येक प्राणिज पेशीच्या आवरणाचा घटक असल्याने चरबी थोडी असलेल्या अवयवांतही तो आढळतो.

पूर्वी अमेरिकेच्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत दिवसाला ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची मर्यादा सांगितलेली होती. २०१५–२०२०च्या आवृत्तीपासून ही आकडेबद्ध मर्यादा काढून टाकण्यात आली. बहुतेक लोकांच्या रक्तातील कोलेस्टेरॉलवर आहारातील कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त मेदाचा परिणाम अधिक होतो. तथापि आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉल, मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्या व्यक्तींनी वैद्यकीय सल्ल्यानेच अशा पदार्थांचे प्रमाण ठरविणे इष्ट होय.

### जीवनसत्त्वे व खनिजे

ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात नैसर्गिकरीत्या जवळजवळ नसते. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पहिल्या कप्प्यातील जीवाणू ते तयार करतात आणि पुढे ते जनावराच्या ऊतींत साठते. राष्ट्रीय शिफारशीनुसार प्रौढांना दररोज २.२ मायक्रोग्रॅम ब-१२ लागते. १०० ग्रॅम शिजवलेल्या वजडीतून त्याचा सुमारे एक-तृतीयांश भाग मिळतो.

जस्त सुमारे १.७ मिलिग्रॅम असते. पुरुषांसाठी शिफारस केलेल्या १७ मिलिग्रॅमच्या तुलनेत हे प्रमाण १० टक्के, तर स्त्रियांच्या १३.२ मिलिग्रॅमच्या तुलनेत सुमारे १३ टक्के भरते. सेलेनियमचे प्रमाण सुमारे १२ ते १३ मायक्रोग्रॅम आहे. कॅल्शियम ८१ मिलिग्रॅम असून ते दैनिक १००० मिलिग्रॅमच्या सुमारे ८ टक्के होते. मांसाच्या मानाने हे प्रमाण अधिक असले तरी दुधाच्या मानाने कमीच आहे.

लोहाबाबत वजडीविषयी हमखास गैरसमज आढळतो. 'अवयवांचे मांस रक्तवर्धक असते' हे विधान काळीज व प्लीहा यांना लागू पडते, वजडीस नव्हे. १०० ग्रॅम वजडीतील ०.७ मिलिग्रॅम लोह स्त्रियांच्या २९ मिलिग्रॅम दैनिक शिफारशीच्या जेमतेम २ ते ३ टक्के भरते. पंडुरोग असलेल्या स्त्रीने वा बालकाने लोहासाठी वजडीवर विसंबणे त्यामुळे निरर्थक ठरते. अ जीवनसत्त्वही वजडीत नगण्य असते.

### शिजवण्याचा परिणाम

कच्ची वजडी चिवट असते. तिच्यातील कोलॅजन दीर्घकाळ ओलसर उष्णता मिळाल्यावर जिलेटिनमध्ये रूपांतरित होते आणि वजडी मऊ पडते. यासाठी उघड्या भांड्यात एक ते तीन तास किंवा अधिक वेळ लागतो. प्रेशर कुकरमध्ये हा वेळ बराच कमी होतो.

या दीर्घ शिजण्याचे परिणाम कोष्टकात स्पष्ट दिसतात. पाण्यात विरघळणारे ब-१२ जीवनसत्त्व जवळपास निम्म्यावर येते. सोडियम व पोटॅशियमही पाण्यात उतरतात. पाण्यात न विरघळणारे कोलेस्टेरॉल व मेद मात्र वजडीतच राहून त्यांचे वजनागणिक प्रमाण वाढते. वास घालविण्यासाठी पहिले उकळीचे पाणी फेकून देण्याची रीत सर्वत्र आहे आणि स्वच्छतेच्या दृष्टीने ती योग्यच आहे. दुसऱ्या वेळी ज्या पाण्यात वजडी शिजते तो रस्सा मात्र फेकू नये, कारण विरघळलेली जीवनसत्त्वे, खनिजे व जिलेटिन त्यात उतरलेले असते.

## इतर अन्नपदार्थांशी तुलना

पुढील तुलना शिजवलेल्या १०० ग्रॅम पदार्थाची आहे.

| पदार्थ | ऊर्जा (किलोकॅलरी) | प्रथिने (ग्रॅम) | मेद (ग्रॅम) | कोलेस्टेरॉल (मिलिग्रॅम) | लोह (मिलिग्रॅम) | ब-१२ (मायक्रोग्रॅम) |
|---|---|---|---|---|---|---|
| गोवंशीय वजडी | ९४ | ११.७ | ४.१ | १५७ | ०.७ | ०.७ |
| गोवंशीय काळीज | १९१ | २९ | ५.३ | ३९६ | ६.५ | ७० |
| कोंबडीचे उकडलेले अंडे | १५५ | १२.६ | १०.६ | ३७३ | १.२ | १.१ |
| तुरीची शिजवलेली डाळ | १२१ | ६.८ | ०.४ | ० | १.१ | ० |

काळजाशी तुलना करता वजडी जवळपास प्रत्येक सूक्ष्मपोषकात मागे पडते. काळजातील अ जीवनसत्त्वाचे प्रमाण मात्र इतके अधिक असते की गर्भवती स्त्रियांना ते टाळण्याचा सल्ला काही देशांत दिला जातो. वजडीत तो धोका नाही. अंड्याइतकीच प्रथिने वजडीतून कमी ऊर्जेत मिळतात, पण अंड्यातील प्रथिनांचा दर्जा श्रेष्ठ असतो. डाळीत तंतू असतात, लोहही अधिक असते, परंतु ब-१२ नसते. म्हणजे डाळ आणि वजडी हे पदार्थ एकमेकांचे पर्याय नसून परस्परपूरक ठरतात.

## पाककृतीनुसार होणारा बदल

कोष्टकातील मूल्ये साध्या उकडलेल्या वजडीची आहेत. ताटात येणारा पदार्थ सोबतच्या जिनसांमुळे पुष्कळ बदलतो.

* फ्रान्स: नॉर्मंडीतील काँ शहराच्या पद्धतीच्या वजडीत जनावराचे पाय, कांदे, गाजरे आणि सफरचंदाचे मद्य घालून अनेक तास मंद आचेवर शिजवितात. पायांमुळे जिलेटिन वाढते.
* इटली: रोमच्या पद्धतीत टोमॅटो, पुदिन्याच्या जातीची पाने व पेकोरीनो हे मेंढीच्या दुधाचे चीज वापरतात. चीजमुळे कॅल्शियम व मीठ दोन्ही वाढतात.
* स्पेन: माद्रिदच्या 'काय्योस' या पदार्थात डुकराच्या मांसाचे मसालेदार सॉसेज असते. त्यामुळे मेद व सोडियम बरेच वाढते.
* पोर्तुगाल: पोर्तो शहराच्या पदार्थात पांढऱ्या घेवड्याचे दाणे घालतात. त्यामुळे तंतू मिळतात व अमिनो आम्लांचा समतोल सुधारतो. पोर्तोच्या रहिवाशांना 'त्रिपेइरू', म्हणजे वजडी खाणारे, असेच टोपणनाव आहे. १४१५ साली सेउताच्या स्वारीसाठी नगरवासीयांनी चांगले मांस आरमारास देऊन स्वतःकडे केवळ वजडी ठेवली, अशी आख्यायिका तेथे सांगतात.
* मेक्सिको: 'मेनुदो' या रश्श्यात चुन्याच्या पाण्यात शिजवलेला मका असतो. या प्रक्रियेमुळे मक्यातील नायसिन शरीरास उपलब्ध होते व कॅल्शियमही वाढते.
* तुर्कस्तान: 'इश्केंबे' सूप लसूण व व्हिनेगर घालून रात्री उशिरा पिण्याची प्रथा आहे.
* भारत: केरळमध्ये खोबरे, मिरे व कढीपत्ता घालून वजडी परततात. भरपूर तेलात परतलेल्या वजडीत मूळ मेदाच्या दुप्पट-तिप्पट मेद सहज होऊ शकतो. 'कमी मेदाचे मांस' हे वर्णन अशा पदार्थास लागू पडत नाही.

## आरोग्यविषयक दक्षता

जंतुसंसर्ग: जनावराच्या पचनमार्गात ई. कोलाय व साल्मोनेला यांसारखे रोगकारक जीवाणू असू शकतात. त्यामुळे कच्ची वजडी हाताळलेली पाटी, सुरी व हात साबणाने धुणे आवश्यक असते. तिच्या धुण्याचे शिंतोडे कच्च्या भाज्यांवर उडू देऊ नयेत. पूर्ण शिजलेल्या वजडीत हे जीवाणू नष्ट होतात. कच्ची वजडी शीतकपाटात एक ते दोन दिवसांहून अधिक ठेवू नये. शीतकपाट नसलेल्या घरात ती त्याच दिवशी शिजविणे श्रेयस्कर होय.

गाऊट: रक्तातील युरिक आम्ल वाढल्याने होणाऱ्या या विकारात प्युरीनयुक्त अन्न मर्यादित ठेवतात. वजडीतील प्युरीन काळीज व मूत्रपिंड यांच्यापेक्षा कमी असते. तरीही रुग्णाने तिचे प्रमाण मर्यादित ठेवावे.

मज्जारोग: गुरांमधील 'मॅड काऊ' रोगाच्या संदर्भात युरोपीय संघाने मेंदू, मज्जारज्जू व आतड्यांचे काही भाग अन्नसाखळीतून वगळले. जठराचा, म्हणजे वजडीचा, त्यांत समावेश नाही.

## सामाजिक व कायदेशीर संदर्भ

मांसाचे उत्तम तुकडे धनिकांकडे आणि अवयव गरिबांकडे ही विभागणी अनेक समाजांत आढळते. उत्तर इंग्लंडच्या गिरणी व खाण परिसरात वजडीची स्वतंत्र दुकाने असत आणि कांदे-दूध घालून शिजवलेली किंवा नुसती व्हिनेगरसह थंड वजडी हे कामगारांचे नित्याचे अन्न होते. जॉर्ज ऑर्वेल यांच्या 'द रोड टू विगन पियर' (१९३७) या पुस्तकाचा आरंभ अशाच दुकानाच्या वरील भाड्याच्या खोल्यांच्या वर्णनाने होतो. दुसऱ्या महायुद्धानंतर उत्पन्न वाढले तसा तेथील वजडीचा खप घटत गेला.

महाराष्ट्रात मृत वा कापलेल्या जनावराचा कोणताही भाग वाया न घालविण्याची पाककला प्रामुख्याने दलित समाजांनी जोपासली. जातिव्यवस्थेने लादलेल्या दारिद्र्यातून ती उपजली आणि त्याच अन्नावरून या समाजांना हिणविलेही गेले. मराठवाड्यातील या खाद्यपरंपरेची तपशीलवार नोंद शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' (२०१५) या पुस्तकात आढळते. पोषणाच्या दृष्टीने पाहता, दूध व अंडी परवडत नसलेल्या कुटुंबांना ब-१२ जीवनसत्त्व आणि प्राणिज प्रथिने मिळण्याचे जे मोजके मार्ग होते, त्यांपैकी वजडी हा एक होय.

'महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियम, १९७६' अन्वये राज्यात गाईच्या कत्तलीस बंदी होती. २०१५ साली अमलात आलेल्या दुरुस्तीने ती बैल व वळूंनाही लागू झाली. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये ही कत्तलबंदी वैध ठरविली. मात्र राज्याबाहेर कापलेल्या जनावराचे मांस बाळगणे हा गुन्हा ठरविणारी तरतूद न्यायालयाने रद्द केली. म्हशीची कत्तल प्रमाणपत्र घेऊन करता येते. त्यामुळे राज्यात मोठ्या जनावराची म्हणून विकली जाणारी वजडी बहुधा म्हशीची असते. गोव्यात गोहत्येस १९७८च्या कायद्याने बंदी आहे, परंतु बैलांच्या कत्तलीस प्रमाणपत्राच्या अटीवर मुभा आहे. केरळ व ईशान्येकडील अनेक राज्यांत गोवंशीय मांस हा आहाराचा नेहमीचा भाग आहे.

## हे सुद्धा पाहा

* रवंथ करणारे प्राणी
* कोलॅजन
* ब-१२ जीवनसत्त्व
* पंडुरोग
* महाराष्ट्रातील खाद्यसंस्कृती